शेवटचे दोन चिंचोके

"अनिमेषदादा, तुला माझी भीती वाटते का?" हे विचारून दाखवायची मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून तीन पत्तीच्या ऐन डावात मी विचारलंच. दादा हसला. जिंकेल त्याची घरातली एकुलती स्कूटर, असं ठरलं होतं.

माझ्याकडे तीन राजे होते. आमच्यात चालीला दोनच चिंचोके वाढवता येतात. तेवढ्यासाठी दादा पानं टाकत नाही, म्हणून मी पहिल्यापासून वाढवत गेले.

"थापाडे," म्हणत तो देत राहिला. चिंचोके संपत आले तेव्हा म्हणाला, "यामिनी, शो करू?"

"कर की. घाबरलास?"

त्याने नाही केला. त्याचे शेवटचे दोन चिंचोके पडल्यावर मी एकेक राजा सावकाश मांडला. त्याचे डोळे भरले.

"आई, पप्पा, उद्यापासून स्कूटर मी नेणार. दादा सावेडीच्या घरून कॉलेजला चालत जाईल."