सुरियानीची बाराखडी

अन्नम्माच्या आईचं पुस्तक पहिल्यांदा उघडलं तेव्हाच माझं डोकं दुखायला लागलं. या पोरीचा बाप मत्ताई मूळचा केरळचा, इथं रेल्वेच्या छोट्या लाईनवर गार्ड होता. बायको मागच्या वर्षी गेली. तिच्यामागे राहिलं हे प्रार्थनेचं पुस्तक, सुरियानी भाषेतलं. ही त्यांच्या ख्रिस्ती देवळातली जुनी भाषा, उजवीकडून डावीकडे लिहितात. आईच्या वर्षाच्या दिवशी यातली प्रार्थना आपणच वाचायची, असं पोरीनं ठरवलं होतं. गोंदियात ती वाचणारा कोणी सापडेना. मी निवृत्त शिक्षक, रेल्वे चाळीतली पोरं माझ्याच ओसरीवर पाटी घेऊन बसत, म्हणून ती माझ्याकडे आली.

नागपूरच्या एका पाद्र्याकडून मी सुरियानीची अंकलिपी मागवली. आपल्या पोरांना शिकवतो तसंच हिला शिकवायला घेतलं. सुपात धान पसरायचं, बोटानं अक्षर गिरवायचं, मग त्याची बाराखडी म्हणायची. अन्नम्मा सुरात म्हणे. सारा पावसाळा यातच गेला.

"धानात अक्षरं पेरून राहिले का?" माझी बायको देवकाबाई म्हणायची. "सूप द्या मले, पाखडाचं आहे."

दिवाळीनंतर आईचं पुस्तक समोर घेतलं आणि एकही ओळ लागेना. अंकलिपी पश्चिमेकडच्या वळणाची, तिच्यात स्वरांसाठी बारीक चिन्हं. पुस्तक पूर्वेकडच्या वळणाचं, त्यात खाली-वर नुसते ठिपके. अक्षरं तीच, पण कितीकांचा चेहराच वेगळा. आणि बाराखडीतले अर्धे स्वर त्या भाषेत नव्हतेच, ते मी आपल्या सवयीनं भरले होते. पोरगी ठिपके मोजत बसली. मीच पुस्तक आपटलं.

मत्ताईला वाचता येत नव्हतं, पण मुख्य प्रार्थना पाठ होती. तो 'अबून', म्हणजे 'आमच्या बापा', म्हणून सुरू झाला तर अन्नम्मानं मान आडवी हलवली. आई 'आवून' म्हणायची. बापाचा देव 'आलोहो', आईचा 'आलाहा'. लग्नाआधी दोघांची देवळं वेगळी होती, हे मला तेव्हा कळलं.

"मग खरं कोणतं?" मी वैतागून विचारलं.

"दोनों सही, मास्टरजी. वो मुझे चिढ़ाती थी, कहती थी तुम्हारा मुँह गोल है." 'आलोहो' म्हणताना होतात तसे ओठ गोल करून मत्ताई म्हणाला.

मग त्याच प्रार्थनेचं पान घेऊन बसलो. मत्ताई म्हणे, मी काडीनं अक्षर दाखवी, पोरगी आईचा उच्चार आठवून सांगे. पण त्याला चालीशिवाय म्हणता येईना, मध्येच थांबवलं की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. त्यात त्याची ड्युटी. वर्षाचा दिवस आला तेव्हा जेमतेम दोन ओळी लागल्या होत्या.

मी म्हटलं, बाप सगळं म्हणेल, तू फक्त पुस्तक धर.

"पाठच म्हणाचं होतं तर मी सुपापाशी कायले बसली असती, गुरुजी?"

संध्याकाळी तिनं आईच्या फोटोसमोर बोट ठेवून उजवीकडून वाचायला सुरुवात केली. दोन ओळी नीट झाल्या, आईच्याच उच्चारात. तिसऱ्या ओळीत एका शब्दावर अडकली. मत्ताईला तो शब्द येत होता. त्यानं तोंड उघडलं तर तिनं हात वर केला. आम्ही थांबलो. मेणबत्ती ओघळत राहिली. शेवटी तिनं पुस्तक मिटलं, आणि उरलेली प्रार्थना बापानं आपल्या गोल तोंडानं पुरी केली. मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती ओसरीवर आली. देवकाबाईच्या हातातलं सूप तिनंच मागून घेतलं आणि धान सारखं केलं.

"बाराखडी नोको, गुरुजी," ती म्हणाली. "आता ठिपके काढू."