सांगवीला नेलेली मेणबत्ती

हे कुणाला पटायचं नाही, पण लासुर्ण्याहून सांगवीपर्यंत मी पेटती मेणबत्ती हातात धरून चालत गेलो, पस्तीसेक किलोमीटर, आणि ती विझली नाही.

शनिवारी दुपारी चर्चमध्ये मी हे सांगायला घेतलं, तेव्हा बाया खाली बसून सुकलेलं कडं सोडून निरगुडीच्या ताज्या फांद्यांचं नवं वळत होत्या. नाताळाआधीचे चार रविवार आमचा आगमनकाळ. प्रभू यायच्या आत मन झाडून काढायचं आणि दर रविवारी त्या कड्यातली एक मेणबत्ती पेटवायची. तीन झाल्या होत्या. चौथीचा मान आमच्या मंडळीत जुन्या रिवाजानं ठरतो: या महिन्यात ज्यानं वैर मिटवलं, त्यानं काडी ओढायची.

माझं वैर गावाला ठाऊक. थोरली बहीण, ठमाआक्का. आईचं सहा वर्षं तिनं सगळं केलं, न्हाऊ घातलं, घास भरवला. शेवटच्या दिवशी ती पाणी आणायला उठली आणि तेवढ्यात आई गेली. जवळ मी एकटा. माती दिल्यावर मी चारचौघांत सांगितलं, की जाताना आईनं डोळे उघडले आणि माझं नाव घेतलं. त्यानंतर नऊ वर्षं आक्का माझ्याशी बोलली नाही.

आई काहीच म्हणाली नव्हती. एवढंच आक्काला सांगायचं होतं. यंदा तिनं सांगवीला, आपल्या घरी, अंथरूण धरलं. नाताळ बघेल न बघेल. पहिल्या रविवारी मी बारामतीच्या स्टँडवर उतरलो. सांगवीची एसटी समोर लागली होती. मी लासुर्ण्याच्या गाडीत बसून परत आलो. दुसऱ्या रविवारीही तसंच. प्रार्थनेला गुडघे टेकले की पहिल्या दोन शब्दांपुढं जीभ हलेना.

"मग तिसऱ्या रविवारी काय झालं, तात्या?" ज्ञानेशनं विचारलं. हा आमचा पेटीवाला, हसायला कायम तयार.

"वेदीवरची मेणबत्ती उचलली आन् चालाय लागलो. वारं असं, की ऊस आडवा. ज्योत हलंना. कारखान्याला निघालेल्या ट्रॅक्टरांनी माझ्यामागं रांग धरली. डायवरांनी गाणी बंद केली. पुढं उसातनं बिबट्या आला."

"त्यो बी बाप्तिस्मा घ्यायला?"

"मला वाट दावायला. बारामतीपत्तोर पुढं चालला. गावात शिरायची लाज वाटली, तवा मागं फिरला."

बाया हसल्या. म्हाळसाबाई मंडळीत सगळ्यांत वडीलधाऱ्या. त्यांनी हातातली फांदी खाली ठेवली. "बिबट्या ऱ्हाऊ द्या, झुंबरराव. आक्का काय म्हणाली?"

तेवढ्यात दारात चपला काढून आक्काची सून रोहिणी आत आली आणि मागं भिंतीशी बसली. गप्प व्हायची वेळ हीच होती. पण सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि खरं सांगायचं तर पुढचं मलाच ऐकायचं होतं.

"आक्का उठून बसली. म्या समदं कबूल केलं. आईनं माझं नाव घेतलं न्हवतं, म्या रचलं हुतं. तर म्हणाली, मला तवाच ठावं हुतं, झुंबऱ्या. बस हितं. मिटलं."

माझा आवाज कापत होता. तेवढं खोटं नव्हतं.

म्हाळसाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि काडेपेटी माझ्यापुढं सरकवली. "उद्याची तुमीच लावा."

मी ती हातात घेतली.

"मामा," रोहिणी मागनं म्हणाली, "तुमी आलाच न्हाई. आत्याबाईंची वाचा दिवाळीतच गेलीया. दार वाजलं की मान वळवून बघत्यात, तेवढंच. कालपासनं पाणी बी उतरंना, म्हणून तुमाला न्यायला आले."