सात पॉइंट शहाण्णव

नव्या डॉक्टरणीचं ‘साधारण’ या शब्दाशी हाडवैर होतं. मुलाच्या वजनावरून औषध काढायचं, तर ते शेवटच्या दशांशापर्यंत, असा तिचा बाणा. औषधांच्या खिडकीतले काका तिला माघारी दशांशताई म्हणत. तोंडावरही म्हणत, पण हळू.

त्या सकाळी खिडकीवरून तिच्या दोन चिठ्ठ्या परत आल्या होत्या. मोठ्या मॅडमनी बजावलं होतं, “तिसरी आली की महिनाभर रेकॉर्डच्या खोलीत फायली लावायच्या.” त्या खोलीत पंखा होता, पण त्याचीही केव्हाच फाईल झाली होती.

तिसरी आली. सोबत काका, तापलेली चिमुरडी आणि तिचे आजोबा.

“ताई, सात पॉइंट शहाण्णव मिली? सिरिंजवर रेघा अर्ध्या-अर्ध्या मिलीच्या. आठ भरून वरचं काढू म्हटलं, तर ते एका थेंबाहून कमी. थेंबाला अर्धवट पड म्हणून कसं सांगू?”

“माझी नजर अधू,” आजोबा म्हणाले. “मला रेघ दाखवा. रेघांच्या मधलं दाखवू नका.”

“वजन बारा पॉइंट चौऱ्याहत्तर आहे. हिशेब चोख आहे!” म्हणत तिने पोरीला पुन्हा काट्याकडे नेलं.

या वेळी आजोबांनी नातीचे बूट काढले. मग पोरीने आपणहून खिसे रिकामे केले. खडे. चांगले अकरा.

काटा म्हणाला, बारा पॉइंट दहा.

थेंबाच्या तुकड्यासाठी डॉक्टरीण भांडत होती आणि अकरा दगडांचा ताप उतरवायला निघाली होती, तोही दोन दशांशांपर्यंत अचूक.

नवा हिशेब आला सात पॉइंट छप्पन. पेन घुटमळलं. मग तिने अक्षरात लिहिलं, ‘साडेसात’.

“रेघ आहे!” काका ओरडले.

तेवढ्यात दारात मोठ्या मॅडम. “तिसरी परत आली?”

“छे! मी आलो, मॅडम,” काका म्हणाले. “चिठ्ठी नुसती सोबतीला.”

मॅडमनी चिठ्ठी वाचली, खड्यांकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं. “साडेसात. बरं. वाचल्या माझ्या फायली.”

डॉक्टरणीने श्वास सोडला. पोरीने तिचा कोट ओढला. “यांना पण ताप आहे.”

डॉक्टरणीने अकराही खड्यांना हात लावून पाहिला.

“यांना किती द्यायचं?”

“शून्य,” ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच, वजन न करता.