पायाखालची फळी

विद्यापीठाच्या भिंतीला लागून माझं सुतारकामाचं दुकान. तीस वर्षं तिथलं कुणी इकडे फिरकलं नाही. यंदा तिथल्या प्राध्यापक बाई येऊन म्हणाल्या, "आमच्या मुलांना लाकूडकाम शिकवाल?" मी तोऱ्यातच होकार दिला.

सरावासाठी मुलं वस्तीतल्या घरांतल्या सामानाची मापं घ्यायला निघाली, ती माझ्याच घरापासून. स्वयंपाकाचं टेबल मी केलेलं, म्हणून छाती फुगवून उभा होतो. एका मुलीने टेबल मापलं आणि बायकोला विचारलं, "काकू, तुमच्या पायाखाली ही फळी कशाला?"

"हात पोचत नाहीत गं. यांनी टेबल स्वतःच्या उंचीवर बेतलंय."

ती फळी पायाला टोचते म्हणून मीच एकदा रंधा मारून गुळगुळीत करून दिली होती!

रविवारी मुलांनी आणि मी टेबलाचे पाय चार बोटं कापले. बायकोने जमिनीवर उभं राहून सगळ्यांना चहा केला. त्या पोरीचे आभार मानून मी ती फळी तिच्याच हातात दिली.

फळी आता विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये टांगली आहे. नवी मुलं आली की मी आधी ती दाखवतो. "टेप काढण्याआधी माणसाला विचारा," म्हणतो. "मी घरातसुद्धा विचारलं नव्हतं."