खोडलेलं वाक्य

दुपारी लेकीला नवऱ्याच्या हवाली करून ती लॅपटॉपसमोर बसली, तेव्हा अंगात उत्साह मावत नव्हता. मन मोकळं करायला ऑनलाइन येणाऱ्यांचं ऐकून घ्यायचं, हे स्वयंसेवकाचं काम. त्याचं प्रशिक्षण झालं होतं. आज पहिला खरा माणूस. सरावात ती दोनदा नापास झाली होती. कारण एकच, समोरच्याचं ऐकण्याआधीच सल्ला. आज शिकवणाऱ्या ताई शब्द न् शब्द वाचणार होत्या. पुन्हा तेच झालं, तर काम हातचं जाणार.

"तू सल्ला न देता अर्धा तास काढलास, तर भांडी जन्मभर माझ्याकडे," म्हणत नवऱ्याने दार ओढून घेतलं.

पडद्यावर ओळ उमटली. कुणी नवा बाप होता. बायको आंघोळीला गेली होती, बाळ कुरकुरत होतं आणि त्याला उचलायची याला भीती वाटत होती.

तिचे हात शिवशिवले. हा तर तिचा हातखंडा विषय! मान कशी धरायची, ढेकर कसा काढायचा, कुठे थोपटायचं... बोटं सुटलीच. हा हा म्हणता मोठा मजकूर तयार झाला. आता फक्त पाठवायचा.

पण तिची नजर घारीची. त्याच्या बाजूला 'लिहीत आहे' असं उमटायचं, विझायचं, पुन्हा उमटायचं. येत मात्र काहीच नव्हतं. म्हणजे तो लिहून खोडत होता.

तिने आपला सगळा मजकूर पुसून टाकला.

"जे खोडताय, तेच सांगा. मी इथेच आहे."

'लिहीत आहे' पुन्हा उमटलं. मग आलं:

"माझे हात वडिलांसारखे आहेत. तसेच रुंद. ते मारायचे."

तुम्ही तसे नाही, असं लिहिणं किती सोपं होतं. पण ती त्याला कुठे ओळखत होती?

"त्याच हातांनी लेकाला उचलायचं, याची भीती वाटतेय," तिने लिहिलं.

हो, तो म्हणाला. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. मग 'लिहीत आहे' उमटेनासंच झालं. बाहेर तिची लेक किंचाळली, तरी ती उठली नाही. तिचं तिलाच नवल वाटलं.

"उचललाय. एका हाताने लिहितोय, चुका होतील. माझ्याकडेच बघतोय हो."

तिला खुर्चीवर उभं राहून नाचावंसं वाटलं. तेवढ्यात कोपऱ्यात ताईंचा निरोप चमकला: "आधी त्याला उत्तर द्या, तो वाट बघतोय. पास झालात, ते नंतर सांगते."