करडईची भाजी

गळ्याचे किरणोपचार संपले, तरी कमलला घास गिळवत नव्हता. बाबूराव खिचडी पातळ करून भरवायचे. दोन चमच्यांनंतर ती वाटी सरकवायची.

"करडईची भाजी असती तर खाल्ली असती," एकदा ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

इथे उत्तरेत, तेलीबागच्या भाजीवाल्यांना करडई माहीत नव्हती. बाबूरावांनी लातूरला मेहुण्याला, शशिकांतला, फोन केला आणि आठवड्यात बी आलं. टपाल खात्यात उभा जन्म गेलेल्या माणसानं मागच्या अंगणात वाफे केले. कमल खिडकीतून सांगायची, "अहो, दाट पेरा. कोवळीच खुडायची असते. जून झाली की काटे येतात."

पानं वीतभर झाली. "उद्या करू," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पिताना तिला ठसका लागला, श्वास अडकला. वीस दिवस इस्पितळात गेले. घरी आली ती नाकात नळी घेऊनच. तोंडानं काही गिळू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आल्या आल्या तिनं मागच्या दाराकडे बोट केलं. बाबूराव अंगणात गेले. झाडं गुडघ्याला लागत होती, पानांच्या कडा टोचत होत्या. त्यांनी त्यातल्या त्यात मऊ शेंडे खुडले. मुगाची डाळ घालून, लसणाची फोडणी देऊन भाजी शिजवली.

"नुसती चव घे. गिळू नकोस, थुंकून टाक."

तिनं चिमूटभर तोंडात घेतली, चावली. क्षणभर तिचे डोळे मिटले. मग चेहरा पिळवटला. एक काटा शिजूनही मऊ झाला नव्हता. उपचारांनी सोलवटलेल्या हिरडीत तो रुतला. वाटीत थुंकली तेव्हा भाजी लाल झाली होती.

"माझं चुकलं, कमल. माझं चुकलं गं."

ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्यानंतर तिनं काहीच मागितलं नाही. नवव्या दिवशी ती गेली.

मुलगा राजरत्न बेंगळुरूहून आला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकल्यावर दोघं मागच्या पायरीवर बसले. करडईला पिवळी फुलं आली होती.

"पापा, मम्मी ने आख़िर में कुछ खाने को माँगा था?"

बाबूरावांनी फुलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "नाही."

"अच्छा," राजरत्न म्हणाला आणि आत चहा टाकायला गेला.