जपलेली बॅटरी

सुकन्या आणि तिचा धाकटा भाऊ नंदीश, दोघांचे लॅपटॉप एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणि एकाच मॉडेलचे घेतलेले. वडिलांनी मुद्दामच तसं केलं होतं, तुझा चांगला की माझा, अशी कटकट नको म्हणून. वडील गेले त्याला आता बराच काळ लोटला, पण लॅपटॉप दोन्ही चालू होते. फरक एवढाच, की सुकन्याचा नव्यासारखा चालायचा आणि नंदीशचा चार्जर काढला की थोड्याच वेळात बंद पडायचा.

सुकन्या टॉवेल आणि चादरींची डिझाइनं काढायची. भवानी पेठेतल्या घरी वीज कधी जाईल याचा नेम नसे, त्यामुळे बॅटरी म्हणजे तिची रोजीरोटीच. चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबेल अशी सेटिंग तिनं पहिल्यापासून करून ठेवली होती. वीसच्या खाली ती उतरू देत नसे. लॅपटॉप गादीवर कधीच नाही, कायम लाकडी पाटावर, म्हणजे खालून हवा खेळती राहते. मार्च सरला की दुपारी पत्र्याची माडी तापायची. मग ती पाटासकट सगळा पसारा खाली स्वयंपाकघराच्या दाराशी आणायची.

नंदीश हसायचा. "अक्का, लॅपटॉप हाय का तान्हं बाळ?"

स्वतःचा लॅपटॉप तो रजईवर ठेवून तासन् तास गेम खेळायचा, चार्जर कायम खोचलेला. खालचा भाग इतका तापायचा की हात लावला तर चटका बसावा. "बॅटरी मारशील तू त्याची," असं सुकन्या म्हणायची, आणि बॅटरी खरंच मेली.

माघात मावशीच्या मुलीचं लग्न होतं, केम गावी. सुकन्या आठवडाभर आधीच मदतीला गेली. काम नव्हतं म्हणून लॅपटॉप घरीच ठेवला. बॅटरी निम्म्यावर आणून, पूर्ण बंद करून, कपाटात. बरेच दिवस ठेवायचा तर असाच ठेवावा, हे तिला ठाऊक होतं.

परत आल्यावर तिला काहीतरी वेगळं जाणवलं. एकदा वीज गेली आणि ऐंशीचे पन्नास व्हायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. तिनं नंदीशला हाक मारली. त्यानं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला. घरात अशा गोष्टी त्यालाच विचारायच्या.

त्यानं लॅपटॉप हातात घेतला, इकडेतिकडे बघितलं. "अपडेट आलंय न्हाय का नवीन, त्यानं आकडे चुकीचे दिसतात. बॅटरी ठणठणीत हाय तुझी."

"नक्की?"

"मी सांगतोय की."

तिनं विश्वास ठेवला. पुढचे दिवस घरी चार्जर लावूनच काम झालं आणि ती विसरूनही गेली.

चैत्रात अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून शंकरप्पांचा फोन आला. तिच्या डिझाइनवर त्यांचे टॉवेल विणले जात होते, पण गिऱ्हाइकासमोर बसायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. "बाहेरचे खरेदीदार येणार हायत," शंकरप्पा म्हणाले. "या खेपेला तुमचं काम तुमीच दाखवा. मला ते रंगांचं सांगता येत न्हाय."

सुकन्यानं त्यासाठी नवा संच केला. डाळिंबाच्या फुलाची किनार, त्यात चार रंगांचे पर्याय, आणि टॉवेल विणल्यावर कसा दिसेल हे पडद्यावर वळवून दाखवता येईल अशी मांडणी. आदल्या संध्याकाळी तिनं नंदीशला पुन्हा विचारलं, "उद्या तितं वीज गेली तर? दगा न्हाय ना देणार हा?"

नंदीश जेवत होता. त्यानं ताटातून मान वर केली नाही. "एवढं जपलंयस तू. चालतंय की."

चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या त्यांच्या आईचा, अव्वाचा, हात क्षणभर थांबला. सुकन्याला वाटलं, पीठ कमी पडलं असेल.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या वरच्या खोलीत पाहुणे बसले. पहिलं डिझाइन लॅपटॉपच्या पडद्यावर आलं, त्यांतल्या एका बाईंनी खुर्ची पुढे ओढली, आणि वीज गेली. पंखा थांबला. खाली यंत्रमागांचा आवाज एकदम बंद झाला. जनरेटर सुरू व्हायला वेळ लागेल, असं शंकरप्पा म्हणाले.

"काळजी करू नका," सुकन्या हसून म्हणाली. "माझा लॅपटॉप दुपारपर्यंत चालेल."

तिनं पुढचं डिझाइन उघडलं. किनारीचा रंग बदलायला बोट ठेवलं आणि पडदा काळा झाला.

तिनं बटण दाबलं. परत दाबलं. बाई नम्रपणे वाट बघत राहिल्या. सुकन्यानं मोबाइलवर होती ती छोटी चित्रं दाखवली, पण त्यात वीणही दिसत नव्हती आणि रंगही. पाहुण्यांना गाडी गाठायची होती. तिथंच आलेल्या दुसऱ्या एका डिझायनरनं विणलेले नमुनेच आणले होते. पाहुण्यांनी ते हातात घेऊन चोळून पाहिले, आणि ते काम त्याला गेलं.

घरी आल्यावर ती माडीवर जाऊन रडली. नंदीश वर आला, शेजारी बसला, तिच्या पाठीवर हात ठेवला. "किती बी जपलं तरी बॅटऱ्या जातातच, अक्का. तुझी काय चूक?"

तो हात तिला त्या वेळी फार बरा वाटला.

बॅटरी फुगली तर नाही ना, हे बघायला तिनं दुसऱ्या सकाळी लॅपटॉप उलटा करून मागचं झाकण उघडलं. दर खंडेनवमीला, अवजारांच्या पूजेआधी, ती असंच उघडून ब्रशनं धूळ काढायची. गेल्या खंडेनवमीला झाकण उघडं असतानाच अव्वा पूजेचं ताट घेऊन आली होती, आणि सुकन्या नको नको म्हणेपर्यंत तिनं कुंकवाचं बोट थेट बॅटरीवरच टेकवलं होतं. पांढऱ्या कागदावरचा तो डाग पुसूनही गेला नव्हता. दोघी किती हसल्या होत्या.

या बॅटरीवर डाग नव्हता.

तिनं नंदीशचा लॅपटॉप घेतला, गरमच होता, आणि त्याचंही झाकण उघडलं. कुंकू तिथं होतं.

नंदीश दारात उभा होता. त्यानं नाकारलं नाही. "पुण्याच्या कंपनीची मुलाखत होती, घरूनच. मधेच लाइट गेली असती तर? तू केमला गेलेलीस, तुझा पासवर्ड ठाऊक न्हाय, म्हणून मुलाखतीपुरती बॅटरीच बदलून घेतलेली. मग राहून गेलं."

"मी विचारलं तुला. दोनदा विचारलं."

"कसं सांगणार होतो? तू चिडली असतीस."

"काल माझ्या पाठीवर हात ठेवलास तू."

सुकन्या खाली गेली. अव्वा भाजी निवडत होती.

"अव्वा, नंदीशनं काय केलंय माहितीय?"

अव्वानं वर पाहिलं नाही, आणि तेवढ्यावरच सुकन्याला कळलं.

"तुला ठाऊक होतं?"

"भावानंच घेतली की. परक्यानं न्हाय," अव्वा हलक्या आवाजात म्हणाली. "नोकरी लागत होती पोराला. घरात उगं भांडण कशाला, म्हणून गप बसले."

"आणि मी कारखान्यात जाताना?"

"मला वाटलं, निभेल."

सुकन्यानं त्या दिवशी स्वतःची बॅटरी परत बसवली. पण ती आता तिची राहिली नव्हती. रजईवर तापून, सतत शंभर टक्क्यांवर राहून तिची ताकद पार उतरली होती. इतक्या वर्षांत तिनं जे राखलं, ते दोन महिन्यांत गेलं होतं.

नंदीशला पुण्याची नोकरी लागली. पहिल्या पगारातून त्यानं नवी बॅटरी पाठवली. सुकन्यानं ती बसवली, ऐंशीची सेटिंग लावली. बॅटरी चांगली होती. फोनवर तो म्हणाला, "आता झालं ना, अक्का?" तिनं "व्हय" म्हटलं आणि फोन अव्वाकडे दिला.

आषाढात शंकरप्पांनी तिला पुन्हा बोलावलं. काम लहान होतं, एका हॉटेलचे नॅपकिन. तिनं सगळं दाखवलं, आणि हॉटेलवाल्यांनी तिथल्या तिथं होकार दिला. शंकरप्पांनी चहा मागवला. "घरी पेढे न्या," ते म्हणाले.

रिक्षात बसल्यावर तिनं सवयीनं मोबाइल काढला. पूर्वी असं काही झालं की आधी अव्वाला फोन, मग नंदीशला. अव्वाचं नाव समोर दिसत होतं. तिनं मोबाइल परत पर्समध्ये टाकला.

घरी अव्वानं ताट वाढलं. "कसं झालं गं आज?"

"चांगलं झालं," सुकन्या म्हणाली, आणि खाली मान घालून जेवू लागली. अव्वा अजून काही ऐकायला मिळेल म्हणून थोडा वेळ तशीच बसून राहिली, मग उठून चुलीकडे गेली.